मूर्तिजापूरचं विलीनीकरण

अमरावतीच्या मोहोडांनी अकोल्याला जायचं नाही आणि अकोल्याच्या मोहोडांनी अमरावतीत पाय ठेवायचा नाही, हे व्रत दोन्ही घरांत बारा-तेरा वर्षं मोठ्या निष्ठेनं पाळलं जात होतं. इतक्या निष्ठेनं कोणी एकादशी पाळली नसेल. म्हणून भेट मधल्या गावी, मूर्तिजापूरच्या पुढे हायवेवरच्या एका हॉटेलात ठरली. पण गाडीत बसल्यावर अमरावतीच्या महादेवरावांनी मुलाला मोबाइलवर अंतर मोजायला लावलं. अमरावतीकरांना पंधरा किलोमीटर जास्त पडतात असं निघालं, तेव्हा ते दार उघडून खाली उतरायला लागले.

"देवाले बरोबर माहीत होतं," ते धाकट्या भावाबद्दल, अकोल्याच्या देवानंदबद्दल, म्हणाले. "मुद्दाम मूर्तिजापूर सांगितलं त्यानं."

"मूर्तिजापूर कंपनीनं सांगितलं, मामाजी," मागच्या सीटवरून त्यांची सून रागिणी म्हणाली.

"अन् कंपनीले कोनं सांगितलं?"

कंपनीला रागिणीनंच सांगितलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. सासूबाई, म्हणजे दुर्गाबाई, तिच्याशेजारी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दार लावा जी. एसी वाया चालला." महादेवरावांनी दार लावलं. पिंटूनं, म्हणजे रागिणीच्या नवऱ्यानं, गाडी सुरू केली. या घरात कोणतंही काम सुरू करणं पिंटूला छान जमत असे.

या दोघा भावांचे वडील नत्थुजी मोहोड तिवसा, चांदूर रेल्वेच्या जत्रांमधून तंबू टाकून सिनेमा दाखवायचे. पुढे त्यांनी अमरावतीत एक आणि अकोल्यात एक अशी दोन टॉकीज बांधली आणि मरताना मुलांना सांगितलं, एकत्र राहा. मुलं वर्षभर राहिली. मग पंचवीस आठवडे चाललेल्या एका सिनेमासाठी वितरकानं दिलेली चांदीची ढाल कोणाच्या दिवाणखान्यात लावायची, यावरून वाटणी झाली. महादेवरावांनी अमरावतीचं टॉकीज पाडून तीन पडद्यांचं मल्टिप्लेक्स उभं केलं आणि त्यावर 'नेबुला' साखळीची पाटी लावली. गावानं तिचं नाव निंबोळी ठेवलं. पुढच्याच वर्षी देवानंदनं अकोल्यात दोन पडदे उभे केले आणि शोधून शोधून नेबुलाच्या हाडवैऱ्याची, म्हणजे 'ग्रँडव्ह्यू'ची पाटी लावली. तेव्हापासून दोन्ही भाऊ मुंबईच्या दोन कंपन्यांचं भांडण आपलं समजून भांडत होते. नेबुलानं नवा आवाजाचा यंत्रसंच आणला की महादेवराव नातेवाइकांच्या लग्नांत मुद्दाम मोठ्यानं बोलत.

आणि या हिवाळ्यात मुंबईत त्या दोन कंपन्या एक झाल्या. दोन्हींच्या मालकांनी एकमेकांचे हात धरून हसत फोटो काढला, तो पेपरात आला. महादेवरावांनी तो फोटो चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून पाहिला.

"इतके वर्ष आमी याईच्यासाठी भावाशी बोललो नाई," ते म्हणाले, "अन् हे लेकाचे लाडू खाऊन राहिले."

जुन्या करारात एक कलम होतं. कंपनीची मालकी बदलली की करार संपतो. नव्या कंपनीनं कळवलं की अमरावती आणि अकोला मिळून तिला एकच भागीदार हवा. दोघा भावांनी एक फर्म करून शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत सह्या केल्या तर ठीक. नाहीतर अमरावतीच्या बायपासला नवा मॉल उभा राहत होताच, कंपनी तिकडे जाईल आणि मोहोडांनी आपल्या पाच पडद्यांवर काय धुवायचं ते धुवावं. पत्र सभ्य भाषेत होतं, पण अर्थ हाच होता.

त्या शनिवारी दुपारी हॉटेलात देवानंदराव आणि त्यांचा मुलगा अंकुर आधीच येऊन बसले होते. टेबलाच्या टोकाची मानाची खुर्ची त्यांनी धरली होती. महादेवरावांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या टोकाची खुर्ची ओढून तिलाच टेबलाचं डोकं ठरवलं. मध्ये कंपनीची बाई बसली होती. तिशी ओलांडलेली, सुती साडी, समोर लॅपटॉप. रागिणी गेले सहा महिने जिच्याशी फोनवर बोलत होती ती हीच, खुशी मॅडम. आडनाव तिनं कधी विचारलं नव्हतं.

"तू नागसेनची पोरगी न?" देवानंदराव मध्येच म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

नागसेन मोहोडांच्या टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होता. डिजिटल मशीन आलं तेव्हा त्याला घरी बसवलं. वाटणीच्या आधी दोन्ही भावांनी एकमतानं घेतलेला तो शेवटचा निर्णय. रागिणी लग्न होऊन आली तेव्हा तो निघून गेलेला होता, पण थिएटरात काही बिघडलं की जुनी माणसं अजून म्हणत, नागसेन असता तर.

आता खुर्च्या सरकल्या. महादेवराव म्हणाले, "अरे, हे तर आपल्या घरचीच पोरगी हाय. माह्या डोयासमोर वाढली."

"दादाच्या डोयासमोर कवा?" देवानंदराव खुशीला म्हणाले. "थे माह्या केबिनमंदी अभ्यासाले बसे. मी सांगितलं होतं नागसेनले, पोरीले शिकव."

"आपल्या घरचा चहा पिऊन मोठी झाली," महादेवरावांनी बोली वाढवली.

खुशीनं लॅपटॉपवरून नजर वर केली. "चहा प्यायचो आम्ही," ती म्हणाली. "आमचा कप केबिनच्या खिडकीत बाहेरच्या बाजूनं ठेवलेला असायचा. कानतुटका. बाबा मला सांगायचे, दुसऱ्या कपाला हात लावू नको." ती हे अशा सुरात म्हणाली जसं कोणी विचारलेला पत्ता सांगावा.

वेटर पापड ठेवून गेला.

"तवा साऱ्याच गावात तसं होतं," महादेवराव शेवटी म्हणाले.

"थो कप दादानं ठेवला होता," देवानंदराव म्हणाले.

"मी ठेवला? टॉकीज तवा कोन पाहे?"

तेरा वर्षांनी दोघे भाऊ एकमेकांशी थेट बोलले ते हे. रागिणी ताटातल्या मिठाकडे पाहत राहिली. कप तिनं ठेवला नव्हता, पण मान तिचीच खाली गेली. ज्यांची जायला हवी होती ते दोघं कपाची मालकी एकमेकांवर ढकलण्यात गुंतले होते.

"आपण कामाचं बोलू," खुशी म्हणाली. "फर्मचं नाव काय?"

नावावर दीड तास गेला. महादेवराव म्हणाले, वयानं मोठा मी, तेव्हा 'महादेव-देवानंद एंटरटेनमेंट'. देवानंदराव म्हणाले, जग बाराखडीनं चालते अन् बाराखडीत द आधी येते. महादेवरावांनी पिंटूला म्हणायला लावून खात्री करून घेतली. त, थ, द, ध, न, असं करत पिंटू म पर्यंत पोचला तेव्हा महादेवरावांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, बाराखडी शाळेतल्या पोरांसाठी असते. पाटवडी-रस्सा आला, जेवणं झाली, ताक आलं. अंकुरनं इंग्रजी नावं सुचवली. त्या प्रत्येक नावावर दोघे भाऊ एकाच वेळी "हट्" म्हणाले, आणि त्या एकमतानं दोघेही जरा दचकले. शेवटी दुर्गाबाई म्हणाल्या, "मामाजीचं नाव द्या न जी. टॉकीजा त्याईनंच बांधल्या, तुमी तर नुसत्या पाडल्या." मग 'नत्थुजी सिनेमाज' ठरलं. दोघांनीही नंतर सांगितलं की हे नाव त्यांच्या मनात आधीपासून होतंच.

"आता कामकाजाची माहिती," खुशी म्हणाली. "अमरावतीच्या तिसऱ्या पडद्याच्या प्रोजेक्टरचा दिवा किती तास चालला आहे?"

महादेवराव म्हणाले, "चालून राहिला चांगला." पिंटूनं बायकोकडे पाहिलं.

"साडेअकराशे," रागिणी म्हणाली. "दोन महिन्यांत बदलावा लागेल. ऑर्डर दिली आहे."

"लिफ्टचा परवाना?"

"मार्चमध्ये संपतो. अर्ज केला, तपासणी बाकी आहे."

"'जी' रांगेतल्या खुर्च्यांच्या तक्रारी फार आहेत."

"उंदीर वायर खातात. ती रांग खालून उघडून जाळी लावली. या महिन्यात एकच तक्रार आली, तीही पिक्चरबद्दल."

खुशी हसली. मग ती अकोल्याकडे वळली. अंकुर व्यायाम केलेला, दाढी कोरलेला मुलगा होता. त्यानं तीन प्रश्नांना "मॅनेजरले विचारून सांगतो" असं उत्तर दिलं आणि चौथ्याला मॅनेजर दिवाळीतच सोडून गेल्याचं सांगितलं. देवानंदरावांना सगळं तोंडपाठ होतं, पण ते २०११ पर्यंतचं. जुन्या प्रोजेक्टरमध्ये जळणाऱ्या कार्बनच्या काड्यांबद्दल ते दहा मिनिटं फार सुरेख बोलले.

"मग आता एकच राहिलं," खुशी म्हणाली. "संचालन भागीदार. रोजच्या कामाला कंपनीशी एकच माणूस बोलेल आणि सगळी जबाबदारी त्याची राहील. इथे त्याचं नाव लिहायचं."

"पिंटू," महादेवराव म्हणाले.

"अंकुर," देवानंदराव म्हणाले.

आणि पुन्हा सुरू झालं. पिंटू अनुभवी, तर अंकुर पुण्यात शिकलेला. पिंटूचे पडदे तीन, तर अंकुरचं इंग्रजी. पंधरा मिनिटं खुशीनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "निर्णय तुमचा आहे. पण सहा महिने कंपनी रागिणी मॅडमशी बोलते आहे. शुक्रवारी सकाळी नव्या पिक्चरचं कुलूप डिजिटल चावीनं उघडलं नाही तर फोन त्यांचा येतो. आमच्याकडून विचाराल तर त्याच असाव्यात."

अकरा वर्षं रागिणी अमरावतीचं थिएटर चालवत होती. व्हिजिटिंग कार्डावर पिंटू होता, दारावरच्या संगमरवरावर महादेवराव होते. ती कुठे आहे असा प्रश्न कोणाला पडला नव्हता आणि तिलाही फारसा पडला नव्हता. आज, या टेबलावर, दुसऱ्या कोणी तिचं नाव मोठ्यानं घेतल्यावर तिला कळलं की आपल्याला ते हवं आहे. फार हवं आहे.

महादेवरावांनी भावाकडे पाहिलं. देवानंदरावांनी भावाकडे पाहिलं.

"अंकुर चालते मले," महादेवराव म्हणाले.

"नाई नाई दादा, पिंटू मोठा हाय. पिंटूच राहू दे."

"अंकुर शिकलेला हाय, देवा. माह्यं काई म्हननं नाई."

"तू म्हनशीन तसं, दादा."

आणि दोघे उठले. टेबलाची दोन डोकी मध्यावर आली आणि एकमेकांच्या गळ्यात पडली. देवानंदराव खरोखर रडले. महादेवरावांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, बाबाच्या आत्म्याले आज शांती भेटली असन. अंकुरनं व्हिडिओ काढला. नत्थुजींचं शेवटचं सांगणं, दोन कंपन्यांचं लग्न, बायपासचा मॉल, यांतल्या कशानंही जे झालं नव्हतं ते सुनेचं नाव कागदावर येईल या एका भीतीनं झालं होतं.

"तसं नाई पोरी," देवानंदराव डोळे पुसत रागिणीला म्हणाले. "तू हुशार हायेस. पन सून म्हनजे कसं, उद्या रुसून चांदूर रेल्वेले माहेरी गेली, तर थेटर बंद ठेवाचं का?"

"अन् बाईचं नाव कागदावर आलं का लोक समजते, काईतरी लपवून राहिले," महादेवरावांनी जोड दिली. "काम तर तूच करशीन न. नावात काय हाय?"

ज्यांनी दीड तास नावावर घालवला त्यांनीच हे विचारलं. रागिणीनं नवऱ्याकडे पाहिलं. पिंटू लोणच्याच्या फोडीचं सूक्ष्म निरीक्षण करत होता.

"तुमचं काय म्हणणं आहे?" तिनं विचारलं.

"बाबा म्हणते तर," पिंटू म्हणाला, आणि वाक्य तिथंच सोडलं.

खुशीनं अंकुरचं नाव टाइप केलं. साडेपाच वाजले होते. सह्या आधारवरून करायच्या होत्या. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आकडा येईल, तो दहा मिनिटांच्या आत भरायचा. देवानंदरावांना आकडा आला. त्यांनी तो सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असा वाचला आणि सही झाली. मग खुशीनं महादेवरावांचा आधार क्रमांक टाकला.

महादेवरावांनी आपला फोन डोळ्यांसमोर धरला. फोन गप्प होता. आवाज रागिणीच्या पर्समधून आला.

चार वर्षांपूर्वी आधार केंद्रात खिडकीवरच्या माणसानं नंबर विचारला, तेव्हा महादेवरावांनीच सांगितलं होतं, माहा फोन कोन पाह्यते, सुनेचा टाका. रेशन, गॅस, बँक, लस, सगळे आकडे तेव्हापासून तिच्याकडेच येत होते.

"सांग," महादेवराव म्हणाले.

रागिणीनं फोन काढला, आकडा वाचला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "सांगते," ती म्हणाली. "आधी अंकुरभाऊजींच्या जागी माझं नाव लिहा."

खुशी उठून खिडकीकडे गेली. "दुसऱ्याचा आकडा दुसऱ्यानं पाहिलेला मला चालत नाही," ती म्हणाली. "त्यामुळे मी ट्रक पाहते."

"रागिणी," महादेवराव हळूच म्हणाले. हळू आवाज म्हणजे त्यांचा राग. "हे घरी बोलू."

"घरी अकरा वर्षं बोलली नाही मी, मामाजी. इथंच बोलू."

"पिंटू, फोन घे तिचा."

पिंटूनं हात पुढे केला. रागिणीनं त्या हाताकडे पाहिलं. तिनं काही केलं नाही, फक्त पाहिलं. हात परत गेला आणि पाण्याच्या ग्लासाला जाऊन लागला.

घड्याळ चालत होतं. दहा मिनिटं पुरी झाली आणि आकडा मेला. खुशीनं मागं न वळता सांगितलं की दुसरा मागवता येईल, पण सहा वाजता लिंकच बंद होईल.

आणि तेवढ्यात देवानंदराव हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट. "दादा," ते म्हणाले, "तुह्या आधारचा आधारच सुनेच्या पर्समंदी हाय. इतके वर्ष मी तुले भेत होतो बावा."

"तुह्या पोराचं नाव चाललं अन् तू हसून राहिला?"

देवानंदरावांनी अंकुरकडे पाहिलं. अंकुर मघाच्या गळाभेटीच्या व्हिडिओला गाणं लावत होता. "लिहू दे तिचं," देवानंदराव म्हणाले. "मले चालते. माह्यं काम होते अन् तुही फजिती बी होते. असा योग कवा येते?"

गळ्यात पडून पाऊण तासही झाला नव्हता. महादेवराव एकटे पडले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, कारण ती पन्नास वर्षांत कधी दुसऱ्या बाजूला गेली नव्हती.

दुर्गाबाई रिकाम्या डब्याचं झाकण लावत होत्या. "मी पन्नास वर्ष गप्प राह्यली," त्या म्हणाल्या. "मले काय भेटलं? गुडघे. लिहा तिचं नाव, अन् चला लवकर. मले इथल्या जिन्यानं उतराले टाइम लागते."

"लिहा," पिंटू म्हणाला. तो बोलला खरा, पण आईनंतर. रागिणीनं ते ऐकलं आणि तो क्रमही लक्षात ठेवला.

सहाला बारा मिनिटं असताना महादेवराव म्हणाले, "लिहा मग. कोन नाई म्हनते."

खुशी परत येऊन बसली. "पूर्ण नाव?"

"रागिणी पुरुषोत्तम मोहोड," रागिणीनं सांगितलं. पुरुषोत्तम कोण, असं अंकुरनं विचारलं. पिंटूनं हात वर केला.

नाव बदललं म्हणून देवानंदरावांनी नवा आकडा वाचून पुन्हा सही केली, मग महादेवरावांचा दुसरा आकडा आला. रागिणीनं फोन सासऱ्यांच्या हातात दिला, त्यांनी आकडे एका बोटानं दाबले आणि सही झाली. खाली गाडीपाशी खुशीनं रागिणीचा हात हातात घेतला. रागिणीला कपाबद्दल काही बोलायचं होतं. पण काय बोलावं ते सुचेना, तेव्हा तिनं विचारलं, नागसेनभाऊ कसे आहेत.

"बरे आहेत. पिक्चर पाहत नाहीत," खुशी म्हणाली. "फोकस चुकलेला असतो म्हणतात." मग जरा थांबून म्हणाली, "तिसऱ्या पडद्याचा खरंच चुकलेला आहे. सोमवारी नागपूरला आमची बैठक आहे, या. बोलू."

परतीच्या वाटेवर महादेवरावांनी तीन फोन केले. पहिल्यात त्यांनी सांगितलं की सुनेचं नाव घालायला सगळे तयार झाले. दुसऱ्यात सांगितलं की त्यांनीच तयार केलं. तिसऱ्यात, तिवश्याच्या साडूशी बोलताना, ते म्हणाले, "मी म्हटलं, जमाना बदलला, बायाईले पुढं करा. देवा ऐकतच नोता." पिंटू गाडी नीट चालवत होता. दुर्गाबाईंना झोप लागली होती.

फोन खिशात ठेवून ते मागे वळले.

"सोमवारी आधार केंद्रात जाऊन तो नंबर बदलून घेतो," ते म्हणाले. "आपला नंबर आपल्याच फोनवर पाह्यजे."

"घ्या न, मामाजी," रागिणी म्हणाली. "फक्त तिथं आता ऑनलाइन वेळ घ्यावी लागते."

बडनेऱ्याचा पूल आला.

"मंग घेऊन दे तूच," महादेवराव म्हणाले.

"सोमवारी मले टाइम नाही," रागिणी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात पाहू."